मदत हवी आहे: चवीची टेस्ट घरच्या घरी नीट कशी घ्यायची?

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. आमच्या आत्या म्हणजे सासूबाई शेंगाचटणी करून विकतात, उखळात कुटलेली, तेल सुटलेली, पार पुण्यापर्यंत जाते. मध्यंतरी त्यांना ताप येऊन गेला तेव्हापासून सगळं अळणीच लागतंय, चिमूटभर चटणी जिभेवर ठेवतात, तोंड वाकडं करतात नि परत मीठ टाकतात, आणि गिऱ्हाइकं म्हणतात खारट झालीय. मी बोलले की त्यांना वाईट वाटतं, इतक्या वर्षांचा हात आहे त्यांचा, म्हणून अशी टेस्ट पाहिजे जी त्यांची त्यांनाच पटेल.

चटणीवर टेस्ट घेऊन उपयोग नाही हे वाचून कळलं. लसणाचा, भाजक्या शेंगदाण्याचा खमंगपणा हे नाकाचं काम, जिभेकडे गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी (टोमॅटो, मशरूममध्ये लागते ती रुचकर चव), आणि तिखट तर चवच नाही, ती जळजळ वेगळ्या नसेतनं कळते. म्हणून नाक चिमटीत धरून नुसत्या मिठाच्या पाण्यावर घ्यायचं ठरवलंय.

लिटरला २ ग्रॅम मीठ. तीन वाट्या, दोनमध्ये साधं पाणी, एकीत मिठाचं, वेगळी कुठली ते सांगायचं, मध्ये चूळ भरायची. नुसत्या अंदाजानं पण तीनात एकदा बरोबर येतंच, त्यामुळे ६ वेळा करून निदान ५ बरोबर आले तरच चव कळते असं धरायचं, मग मीठ निम्मं करून परत. वाट्या मुलगी भरणार, मला पण सांगणार नाही, कारण आत्या माझ्या चेहऱ्यावरनं ओळखतात. आधी मी आणि हे स्वतः देऊन बघू, म्हणजे तुलनेला काहीतरी राहील.

आता विचारायचं हे की आमच्या बोअरचं पाणी मुळातच मचूळ आहे, तर आरओचंच घेऊ ना? आत्यांना बीपी आहे, पाणी थुंकून टाकलं तर चालतं का? वरची कवळी आहे, ती काढून टेस्ट घ्यायची का घालून? कडूसाठी लॅबमध्ये क्विनाईन वापरतात ते घरी नको वाटतं, कारल्याचा रस पातळ करून चालेल का, पण त्याला वास येतो.

आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे चवीच्या कागदी पट्ट्या असतात म्हणे, चार चवी, प्रत्येकीच्या चार पातळ्या, अशा १६. सोलापुरात कुणी ही टेस्ट करून घेतलीय का? संक्रांतीच्या आत कळलं तर बरं, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत ऑर्डरी वाढतात.