मदत हवी आहे: कुत्र्याच्या ॲलर्जी चाचणीत हिस्टामिनचीही गांध नीट उठली नाही

लॅब्राडोर, 4 वर्षे, 28 किलो. पंजे सतत चाटतो, काखा लाल, कानाची आतली कातडी सुजून जाड झालेली. पिसवांचा बंदोबस्त, 8 आठवडे काटेकोर आहार-चाचणी, यीस्टवर उपचार, सगळं झालं. खाज तशीच, म्हणून निदान ॲटॉपीचं, म्हणजे धूळ-परागकण अशा आसपासच्या गोष्टींच्या ॲलर्जीचं.

त्वचेतल्या चाचणीत प्रत्येक जागी 0.05 मिलि टोचून 15 मिनिटांनी पाहिलं. धुळीतल्या माइट्सला काहीच प्रतिसाद नाही, आणि हिस्टामिनची (ॲलर्जीत सुटणारं रसायन; त्वचा प्रतिसाद देते का हे तपासायला मुद्दाम टोचतात) गांधही जेमतेम. इथे मास्ट पेशींना (ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या पेशी) दोष देता येत नाही. हिस्टामिन आपणच बाहेरून देतो, त्यामुळे दबलाय तो रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद. अशा वेळी बाकीचे 'निगेटिव्ह' निकाल धरायचेच नाहीत. मालकांना खोदून विचारल्यावर कळलं, 19 दिवसांपूर्वी दीर्घकाळ टिकणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. तोंडी प्रेडनिसोलोननंतर 14 दिवस पुरतात, याला किमान 28 हवेत. (मध्येच कुणी सेटिरिझिन, म्हणजे हिस्टामिनविरोधी औषध, दिलं तर त्यानंतर 7.)

तोपर्यंत ओक्लासिटिनिब 16 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 14 दिवसांनंतर दिवसातून एकदाच. टी-हेल्पर 2 या रोगप्रतिकारक पेशींच्या इंटरल्युकिन-31 या प्रथिनाचा खाजेचा निरोप ते पेशीतल्या जॅक-1 या एन्झाइमपाशी अडवतं आणि चाचणी बिघडवत नाही.

अनुभवी मंडळींनी कृपया सांगावं: 28 दिवस झाले की थेट पूर्ण चाचणी करता, की आधी फक्त हिस्टामिन टोचून बघता? माइट्सच्या अर्काचं कोणतं प्रमाण नुसत्या जळजळीने खोटी गांध उठवत नाही? आणि केवळ रक्तातल्या आयजी-ई (ॲलर्जीची प्रतिपिंडं) वर विसंबून इम्युनोथेरपी (ॲलर्जी करणाऱ्या पदार्थाचेच डोस देऊन सवय लावणं) सुरू कराल का?