मदत हवी आहे: द्राक्षवाल्यांचा फेसबुक ग्रुप पांगला, जुनी माहिती कुठं हलवू?

बागायतदार_तासगाव:
नमस्कार मंडळी. तासगाव भागातल्या द्राक्ष बागायतदारांचा फेसबुक ग्रुप मी सांभाळतो. पूर्वी ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की तिथं नुसता राबता असायचा. डावणीचा (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) डाग पडलेल्या पानाचा फोटो टाकला की मणेराजुरीपासून पलूसपर्यंत कुणी ना कुणी लगेच फवारणी सांगायचं.

आता फीडवर अनोळखी लोकांचे रील्स धो धो येतात आणि ग्रुपची पोस्ट दिसेपर्यंत डावणी घडात शिरलेली असते. लोक व्हॉट्सॲपवर गेले. तिथं एका ग्रुपात १०२४ माणसंच बसतात, मग गावागणिक ग्रुप झाले. काहीजण टेलिग्रामवर, पोरं इन्स्टावर. तोच प्रश्न चार ठिकाणी पडतो, उत्तर पाचव्या ठिकाणी असतं. (औषध दुकानदारांच्या ग्रुपवर उत्तर पटकन मिळतं म्हणा, पण औषध त्यांच्याच दुकानातलं.)

ऑर्कुट २०१४ मध्ये बंद पडलं, ट्विटरसारखं आपलं देशी कू ॲप २०२४ मध्ये. फेसबुक उद्या बंद पडेल असं नाही, पण कित्येक हंगामांचा अनुभव तिथं अडकलाय. तो एकदम उतरवून घेता येतो का? आणि ठेवायचा कुठं?

कृष्णाकाठ:
दादा, एकदम नाही निघणार. 'माहिती डाउनलोड करा' मधून तुमच्याच पोस्टी येतात, इतरांच्या नाहीत. बाहेरच्या सॉफ्टवेअरला ग्रुपमध्ये शिरायची अधिकृत वाट फेसबुकनं २०२४ मध्ये बंद केली, तेव्हा 'सगळं काढून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. कामाचे धागे निवडून, लिहिणाऱ्याला विचारून हातानंच उतरवा.

टेलिग्रामवर २ लाखांचा ग्रुप होतो, नव्या माणसाला जुनं दिसेल अशी सोय आहे आणि संगणकावरून सगळा इतिहास उतरवून घेता येतो. माझ्या मते हा शेवटचा मुद्दा सगळ्यात मोठा.

मिरजकर७:
मास्टोडॉनच्या (वेगवेगळ्या सर्व्हरवर चालणारं ट्विटरसारखं नेटवर्क) नादी लागू नका. सर्व्हर बदलला तर फॉलोअर सोबत येतात, जुन्या पोस्टी येत नाहीत. डिस्कोर्स बघा, स्वतःची चर्चेची वेबसाइट चालवायचं सॉफ्टवेअर आहे, फुकट. सर्व्हरचं भाडं मात्र भरावं लागतं, आणि लक्ष ठेवायला माणूस लागतो.

बागायतदार_तासगाव:
आभार. पण आमच्या अण्णा-तात्या मंडळींना व्हॉट्सॲपवरनं उठवायचं कसं?

कृष्णाकाठ:
उठवूच नका. बोलणं तिथंच चालू दे. चांगलं उत्तर आलं की गावातल्या एका पोरानं ते कायमच्या जागी टाकायचं, औषधाचं प्रमाण आणि तारखेसकट.

बागायतदार_तासगाव:
हे जमेल. डिस्कोर्स मराठीत कुणी चालवतंय का? वर्षाचा खर्च कळला तर वर्गणीचं विचारायला बरं.