फ्लॉरेन्समध्ये दोन दिवस : राजाराम महाराजांच्या छत्रीला कसं जायचं?

शिरोली_नाका

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरात आम्ही चौघे मित्र मिलानला मशिनरीच्या प्रदर्शनाला निघालोय. चौघंही फाउंड्रीवाले, दोघं शिरोलीचे, दोघं गोकुळ शिरगावचे. प्रदर्शन शुक्रवारी दुपारी आटोपतं आणि परतीचं विमान सोमवारी रात्री मिलानहूनच आहे. मधले शनिवार-रविवार फ्लॉरेन्सला काढायचं ठरलंय.

फ्लॉरेन्सचा आग्रह माझा. आपल्या कोल्हापूरच्या राजाराम महाराजांचं स्मारक तिथं नदीकाठी आहे हे शाळेपासून ऐकत आलोय. इतक्या जवळ जायचं आणि तिथं फूल न वाहता परत यायचं, हे मला पटत नाही. बाकीचे तिघं यायला तयार आहेत, पण त्यांचंही म्हणणं आहेच. एकाला पिसाचा मनोरा बघायचाय. एकाला चामड्याच्या वस्तू घ्यायच्यात. तिसरा शाकाहारी, त्यामुळं त्याला जेवणाची काळजी.

विचारायचं एवढंच : स्मारक गावापासून किती लांब आहे, कसं जायचं, किती वेळ धरायचा? आणि दोन दिवसांत बाकी काय बघावं, काय सोडावं? गेलेल्यांनी सांगा. नुसत्या याद्या नेटवर भरपूर मिळतात, मला आपल्या माणसाचं मत पाहिजे.

पापाची_तिकटी

भावा, पिसा सोडू नकोस. फ्लॉरेन्सच्या स्टेशनवरून साधी ट्रेन तासाभरात पोचवते, स्टेशनपासून मनोरा चालत पंचवीस मिनिटं. अर्ध्या दिवसात जाऊन येता येतं. आम्ही घरचे सगळे गेलो होतो, पोरं लई खूश होती. स्मारकाला आम्ही काही गेलो नाही, त्यामुळं ते सांगता येणार नाही. मिलान-फ्लॉरेन्स फास्ट ट्रेनचं तिकीट मात्र आत्ताच काढून ठेव. दोन तासांच्या आत पोचवते, पण जाताना ऐनवेळी काढलं तर दर कुठल्या कुठं गेलेला असतो.

उत्तरेश्वर_पेठ

मी शिक्षणासाठी काही वर्षं फ्लॉरेन्सला राहिले, आता परत कोल्हापुरात शिकवते. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी स्मारक. शहराच्या पश्चिमेला आर्नो नदीच्या उजव्या काठानं कासीने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या अगदी टोकाला, जिथं मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते, तिथं छत्री आहे. सान्ता मारिया नोवेल्ला या मुख्य स्टेशनाजवळून टी-1 ट्राम पकडायची, स्कांदिच्चीच्या दिशेची, आणि 'कासीने' स्टॉपला उतरायचं. दोन-तीनच स्टॉप आहेत. तिथून नदी डाव्या हाताला ठेवून सरळ चालत राहायचं. अडीच-तीन किलोमीटर आहे, पाऊण तास धरा. सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, सकाळी पळणारे आणि सायकलवाले भरपूर. कुणाला विचारायचं झालं तर 'इंदियानो' एवढंच म्हणा. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही महाराजांवरूनच पडलंय, पोंते आल्लिंदियानो, 1978 सालचा, केबलवर तोललेला. गाड्यांच्या खाली पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा मार्ग आहे, त्यावर नक्की जा. तिथून दोन्ही नद्या आणि संगम एका नजरेत येतो.

सकाळीच जा. अंधार पडल्यावर ती बाग ओस पडते, तेव्हा तिथं फिरू नये असं तिथले लोकही सांगतात.

छत्रीत अर्धपुतळा आहे, भोवती लोखंडी कठडा. पुतळा चार्ल्स फुलर या इंग्रज शिल्पकाराचा, आणि वरची छत्री मेजर चार्ल्स मँट यांची. मँट म्हणजे आपला टाऊन हॉल आणि नवा राजवाडा ज्यांनी आखला तेच. 1874 साली हे स्मारक उभं राहिलं आणि 1877 साली नव्या राजवाड्याचं काम सुरू झालं. म्हणून सांगते, निघण्याआधी एक संध्याकाळ काढून चौघं टाऊन हॉलच्या बागेत जा, कमानी आणि खांब नीट बघून घ्या. मग तिथं उभं राहिल्यावर हात ओळखीचा वाटेल.

आता मित्रांना काय सांगायचं ते. हे राजाराम महाराज म्हणजे शिवाजी महाराजांचे धाकटे पुत्र नव्हेत, आणि शाहू महाराजांचे चिरंजीवही नव्हेत. नावं सारखी असल्यामुळं आपल्याकडेही पुष्कळांची गल्लत होते. हे मूळचे नागोजीराव पाटणकर. दत्तक येऊन 1866 साली गादीवर बसले. 1870 साली इंग्लंडला गेले, आणि त्या सगळ्या प्रवासाची रोजनिशी त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहिली. ती पुढं 1872 साली लंडनला छापली गेली. परतीच्या वाटेवर आजारी पडले आणि 30 नोव्हेंबर 1870 रोजी फ्लॉरेन्समध्येच गेले. वय अवघं वीस.

फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. तिथं दहनाची रीत नव्हती, खास परवानगी काढावी लागली. मग नदीसंगम शोधला आणि रात्री तिथं चिता रचली. हे मला तिथं उभं असताना फार जाणवायचं. आपल्याला प्रयाग चिखलीचा संगम ठाऊक आहे, तिथं नदीकाठी गेलं की सगळी माणसं आपली असतात. त्या रात्री महाराजांसोबतची मूठभर माणसं परक्या मुलखात, कडाक्याच्या थंडीत, आपल्या पद्धतीनं सगळं करायला धडपडली. आणि त्या शहरानंही त्यांना ते करू दिलं, जागा दिली, आणि आजवर ती राखली. शिवाय इकडे कोल्हापुरात त्यांच्या नावानं काय उभं राहिलं? राजाराम कॉलेज, 1880 सालचं. आपल्यातले कितीतरी जण तिथं शिकले, मीही तिथलीच. म्हणून मला वाटतं, त्या दोन दिवसांतली पहिली सकाळ छत्रीलाच द्या. बाकीचं शहर त्यानंतर बघा.

बाकीच्याबद्दल माझं स्पष्ट मत : पिसा सोडा. मनोरा सुंदरच आहे, पण दोन दिवसांतला अर्धा दिवस गाडीत आणि फोटोच्या गर्दीत घालवण्याइतका नाही. तुमच्या मित्रांना फ्लॉरेन्समध्येच इतकं मिळेल की त्यांना पिसा आठवणार नाही.

शनिवारी छत्रीहून परतलात की दुपारी मोठं कॅथेड्रल. रविवारी पर्यटकांना आत सोडत नाहीत, म्हणून शनिवारीच. घुमटावर चढायचं तिकीट वेळ ठरवून आधी ऑनलाइन घ्यावं लागतं, तिथं जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. 463 पायऱ्या, लिफ्ट नाही, पण जोतिबाला चालत जाणाऱ्याला काही वाटायचं नाही. 1420 ते 1436 या काळात ब्रुनेलेस्की या स्थपतीनं तो घुमट खालून लाकडी आधार न देता बांधला, विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या बसवून. चढताना दोन भिंतींच्या मधूनच वाट आहे, त्यामुळं बांधणी हाताच्या अंतरावर दिसते. तुम्ही कारखान्यातली माणसं, तुम्हाला हे आवडेल.

रविवारी सकाळी उफ्फिझी किंवा अकादेमिया, या दोन कला-म्युझियमांपैकी एकच. एका दिवसात दोन्ही केलं तर चित्रं डोळ्यांसमोरून नुसती जातात. सोमवारी दोन्ही बंद असतात. माझं मत अकादेमिया : मायकेलएंजेलोचा डेव्हिड, एकाच दगडातला, पाच मीटरहून उंच. दालनात शिरताना दोन्ही बाजूंना त्याचेच अर्धवट राहिलेले पुतळे आहेत, दगडातून बाहेर येऊ बघणारे. लोक डेव्हिडकडे धावतात, तुम्ही तिथं थांबा.

संध्याकाळी पोंते वेक्यो. पुलावर दोन्ही बाजूंना सोनारांची दुकानं, आपली गुजरीच. 1593 पर्यंत तिथं खाटीक बसायचे, मग तिथल्या ग्रँड ड्यूकच्या हुकमानं सोनार आले. पूल ओलांडून टेकडीवर पियाझ्झाले मिकेलांजेलोला चढून जा, सूर्य मावळायच्या आधी.

आणखी एक. सान्ता क्रोचेच्या भागात भिंतींवर डोक्याच्या वर पाट्या दिसतील, 4 नोव्हेंबर 1966 च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या. कोल्हापूरकराला त्या पाटीचा अर्थ सांगावा लागत नाही. 2019 साली आमच्या पेठेत आम्ही तेच बघितलं.

उद्यमनगर_काका

ताईंनी लिहिलंय ते उत्तमच. मी फाउंड्रीतला जुना माणूस, पॅटर्नच्या कामापासून सुरुवात केली. पोरांनो, तुम्ही ओतकामवाले असून एका गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

पियाझ्झा देल्ला सिन्योरियामध्ये उघड्या कमानीखाली पर्सियस या ग्रीक पुराणातल्या वीराचा ब्राँझचा पुतळा आहे, हातात मेदुसा राक्षसिणीचं मुंडकं. चेल्लिनी या शिल्पकाराचा, 1554 साली बसवलेला. तिकीट नाही, रांग नाही. आधी मेणाचा नमुना करून ओतलेला. त्याची हकीकत चेल्लिनीनं स्वतः लिहून ठेवलीय. ओतायच्या दिवशी त्याला सणकून ताप भरला, भट्टी माणसांवर सोपवून तो अंथरुणावर पडला. थोड्या वेळानं निरोप आला, धातू गोठायला लागला, काम वाया गेलं. तसाच उठला. ओकची वाळकी लाकडं घालून जाळ वाढवला. छपराला आग लागली, बाहेर पाऊस. भट्टीचं झाकण फुटलं. धातू वाहायला तयार नाही म्हटल्यावर घरातली कथलाची ताटं-वाट्या, होती नव्हती तेवढी सगळी आत टाकली आणि साचा भरला.

ब्राँझमध्ये कथील वाढलं की धातू पातळ होतो, लवकर वितळतो, हे आपण सगळे जाणतो. पण ज्यानं तापानं फणफणत असताना त्या क्षणी ते ओळखलं, त्याचा पुतळा डोळ्यांसमोर उभा असणं ही मोठी गोष्ट आहे. उजव्या पावलाची बोटं नीट भरली नाहीत. तिथवर पोचेपर्यंत धातू थंड पडणार हे त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं. मी पुतळ्याच्या पायाशी बराच वेळ उभा होतो. हीट, म्हणजे भट्टीतला एका वेळचा धातू, वाया गेली की काय होतं पोटात, ते आपल्यालाच कळतं.

तिथून दहा मिनिटांवर कॅथेड्रलसमोर बात्तिस्तेरोचा, म्हणजे बाप्तिस्म्याच्या इमारतीचा, पूर्वेकडचा दरवाजा बघा. गिबेर्ती या शिल्पकारानं त्यावर 27 वर्षं घालवली, 1425 ते 1452. बाहेर लावलाय तो नमुना, मूळ दरवाजा कॅथेड्रलमागच्या म्युझियममध्ये काचेआड आहे. ते म्युझियम सोमवारी उघडं असतं, तेव्हा ते सोमवार सकाळसाठी ठेवा. दहा चौकटी आहेत. पुढची माणसं जवळजवळ सुटी उभी, मागची नुसती रेषेएवढी उठावात, आणि प्रत्येक चौकट एकाच ओतात. मान खाली घालून कडेनं बघा, म्हणजे उठाव किती कमी-जास्त होत गेलाय ते दिसतं.

शिरोली_नाका

काका, ताई, मनापासून आभार. मित्रांना हे सगळं वाचून दाखवलं. पिसावाला म्हणतोय, पर्सियस बघायचाच, पिसा राहू दे. आता एवढंच सांगा, शाकाहारी मित्राचं काय करायचं? आणि आम्ही बाकीचे मटणवाले असलो तरी गाईचं खात नाही.

उत्तरेश्वर_पेठ

हे आधीच विचारलंत ते चांगलं केलंत. तिथले दोन सगळ्यात गाजलेले पदार्थ, जाड बिस्तेक्का आणि गाडीवर मिळणारं लाम्प्रेदोत्तो, दोन्ही गोमांसाचे. लाम्प्रेदोत्तो म्हणजे पोटाचा भाग शिजवून पावात भरून देतात. रागू असं लिहिलेल्या पास्त्यातही बहुतेकदा तेच असतं. मेनूवर 'मान्झो' किंवा 'वितेल्लो' दिसलं की सोडून द्या. 'पोल्लो' म्हणजे कोंबडी, 'आन्येल्लो' म्हणजे कोकरू.

शाकाहारी मित्राला उपाशी राहायची वेळ येणार नाही. रिबोल्लिता म्हणून शिळा पाव, घेवड्यासारखं पांढरं कडधान्य आणि पालेभाजी यांचं घट्ट शिजवलेलं सार असतं, थंडीत फार छान लागतं. पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे टोमॅटो आणि पावाचं. दोन्ही मागताना रस्सा मांसाचा नाही ना, एवढं विचारून घ्या. दुपारी स्क्याच्चाता, चपटा पाव, आत चीज आणि भाजलेली वांगी, घेऊन चालता चालता खाता येतो. साध्या पावात तिकडे मीठ घालत नाहीत, पहिल्या घासाला चुकल्यासारखं वाटेल. तिखटाचं मात्र घरूनच बघा. एक छोटी डबी कांदा-लसूण चटणी प्रत्येकाच्या बॅगेत असू द्या, चेक-इनच्या सामानात.

बिलात माणशी 'कोपेर्तो' म्हणून थोडे पैसे लावतात, ते बसण्याचे. फसवणूक नव्हे, भांडू नका.

चामडं घ्यायचं तर सान लोरेन्झोच्या बाजारात घासाघीस चालते, पण वस्तू हातात घेऊन, आतली शिवण आणि कडा बघून घ्या. आपल्या सुभाष रोडला चप्पल जशी वाकवून बघता तशी. त्याआधी सान्ता क्रोचे चर्चच्या मागं चामड्याच्या कामाची शाळा आहे, तिथं कारागीर काम करताना दिसतात. ते बघून मग बाजारात गेलात तर मित्राला भाव आणि माल दोन्ही कळेल.

आणि फुलं. कासीनेच्या वाटेवर दुकान मिळेलच असं नाही, स्टेशनजवळच घेऊन ट्रामला बसा.