पक्ष्यांची विष्ठा वाळू द्या, पण कोरडी खरवडू नका

भिंतीवरचे पक्ष्यांच्या विष्ठेचे डाग काढायला विष्ठा पूर्ण वाळू द्यायची आणि मग सुरीने खरवडायची, असा सल्ला कुणीतरी दिलाय. वाळू द्यायला हरकत नाही, ओली पुसली की डाग फासला जातो हे खरंच. पण कोरडी खरवडू नका, कळकळीने सांगते. तिची पूड हवेत उडते आणि सिटॅकोसिससारखा फुप्फुसांचा आजार अशा धुळीतूनच माणसाला होऊ शकतो. आमच्याकडे बजरीगर या छोट्या पोपटांची जोडी आहे. पिंजऱ्यामागच्या भिंतीवर मी कोमट पाण्यात पिळलेलं सुती फडकं दहा मिनिटं दाबून ठेवते. पांढरा भाग म्हणजे युरिक अ‍ॅसिड, ते पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे घासण्यापेक्षा मऊ होऊ देणं महत्त्वाचं. मग जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने अलगद उचललं की पापुद्र्यासारखं निघतं.

आधी भिंतीला रंग कुठला आहे ते मात्र बघा. प्लास्टिक इमल्शन हे सोसतं. आमच्या आतल्या खोलीत साधा डिस्टेंपर होता, तिथे डागासोबत हिरवा रंगही फडक्याला आला. अशा भिंतीवर ओला बोळा नुसता टेकवून उचलायचा. आणि ब्लीच वापरणार असाल तर पक्ष्यांना आधी दुसऱ्या खोलीत हलवा, उग्र वाफा त्यांना अजिबात सोसत नाहीत. ब्लीचमध्ये व्हिनेगर तर कधीच मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.