सातवीतल्या मुलाचा फोन: गृहपाठासाठी द्यावा लागतो, मग सुटत नाही. तुमच्या घरी काय चालतं?

रविवारची_भाकरी
मुलगा १२ वर्षांचा, सातवीत, सेमी-इंग्रजी. आम्ही नाशिकला, दोघंही नोकरी करतो, दुपारी घरी सासूबाई असतात. सहावीपर्यंत त्याला फोन नव्हता. जूनमध्ये वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. गृहपाठ, वर्कशीटच्या पीडीएफ, उद्या चित्रकलेची वही आणायची की नाही, सगळं तिथंच येतं. म्हणून माझा जुना फोन दिला, वेगळं सिम घेऊन. तिथंच फसले.

गेमचं वेड फारसं नाही. यूट्यूबवरचे शॉर्ट्स (छोटे व्हिडिओ) बघतो, आणि मुलांनी त्यांचा दुसरा ग्रुप काढलाय, ज्यात बाई नाहीत. रात्री साडेअकराला पांघरुणात उजेड दिसतो. दोनदा फोन काढून घेतला. दोन्ही वेळा 'मग गृहपाठ कसा करू?' या प्रश्नावर माझीच बोलती बंद झाली. मार्कांचं सोडा हो, पण पोरगा चिडका झालाय आणि संध्याकाळी खाली क्रिकेटला जायचा ते बंद झालंय. व्याख्यान नको, घरात करून पाहिलेलं सांगा.

घाटमाथा
फोन अँड्रॉइड असेल तर गुगलचं फॅमिली लिंक टाका. त्याचं खातं तुमच्या खात्याला जोडलं की रात्री किती ते सकाळी किती फोन बंद राहील ते ठरवता येतं, प्रत्येक ॲपला रोजची मिनिटं देता येतात, नवं ॲप तुम्हाला विचारल्याशिवाय उतरत नाही.

आता पळवाटा ऐका, आमच्या चिरंजीवांनी सगळ्या शोधल्यात. यूट्यूबची मिनिटं संपली की क्रोममध्ये यूट्यूब उघडणं. तेही बंद केलं की हॉलमधला टीव्ही. आणि सर्वांत सोपी वाट म्हणजे आजीचा फोन. आजीला पिन लक्षात राहत नाही म्हणून तो नातवानेच टाकून दिलेला असतो! त्यामुळे फॅमिली लिंक हे कुंपण आहे एवढंच समजा. राखणदार तुम्हीच.

दुसरं, फोन रात्री त्याच्या खोलीत नको. आमच्याकडे चौघांचे फोन साडेनऊला फ्रीजवरच्या चार्जरला लागतात. 'गजर लावायचा असतो' ही सबब आली, तेव्हा बाजारातून टिकटिक करणारं साधं गजराचं घड्याळ आणलं. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडला तो बाकी कशाने नाही.

खडू_फळा
मी सहावी-सातवीला शिकवते, तेव्हा दुसऱ्या बाजूने लिहिते. ग्रुपवर गृहपाठ टाकणं ही आमची सोय आहे, मुलांची नाही. फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग उतरवून घेत नाही, मग संध्याकाळी पालकांचे फोन. म्हणून ग्रुप.

पण मुलाचा नंबर ग्रुपमध्ये का आहे? व्हॉट्सॲपच्या स्वतःच्या अटींप्रमाणे वापरणाऱ्याचं वय किमान १३ हवं. तुमचा तर १२ चाच. आमच्या वर्गाच्या ग्रुपात फक्त पालकांचे नंबर आहेत, फक्त ॲडमिन लिहू शकेल असं सेटिंग केलंय, आणि गृहपाठ पाचच्या आत टाकायचा. पाचनंतर काही आठवलं तर ते दुसऱ्या दिवशी वर्गात सांगते.

शाळेत हे मागायला एकट्या जाऊ नका. एकटी आई गेली की 'तुमच्याच मुलाला शिस्त नाही' हे ऐकून परत येते. सात-आठ जणींच्या सह्यांचा साधा अर्ज द्या आणि एवढंच मागा: मुलांचे नंबर काढा, वेळ ठरवा. 'मोबाइलचे दुष्परिणाम' वगैरे निबंध लिहू नका, तो कोणी वाचत नाही.

कृष्णाकाठ
आमच्या सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव आठवलं. २०२२ च्या १५ ऑगस्टपासून तिथं संध्याकाळी ७ ला मंदिरावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की साडेआठपर्यंत गावभर टीव्ही बंद, मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला बसायची, मोठी माणसं वाचायची नाहीतर गप्पा मारायची. कोरोनात ऑनलाइन शाळेसाठी हातात आलेले फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेनात, त्यातून हे निघालं.

मला त्यातली एकच गोष्ट भारी वाटते. 'तू फोन ठेव' असं कोणी पोराला म्हणत नाही. भोंगा सगळ्यांनाच वाजतो, सरपंचालाही. आपल्या घरात आपण हातात फोन घेऊनच पोराला 'फोन ठेव' म्हणतो.

जुना_वाडा
आमच्या काळी एक धपाटा पुरायचा.

रविवारची_भाकरी
@जुना_वाडा, काका, तोही देऊन झालाय. @खडू_फळा, नंबर काढून घ्यायचं डोक्यातच आलं नव्हतं. थँक्यू.

यारा_तीर
मेलबर्नहून. इथं ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवता येत नाही. इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅट, यूट्यूब सगळं त्यात आलं, व्हॉट्सॲप नाही. मुलांना किंवा आईबापांना दंड नाही, कंपन्यांना मात्र ४.९५ कोटी डॉलरपर्यंत होऊ शकतो.

लेक १४ ची. पहिला आठवडा घरात सुतक असल्यासारखा होता. यूट्यूब खात्याशिवाय बघता येतंच, ते ती बघते, आणि वय वाढवून नवी खाती काढलेली मुलंही आहेत, तेव्हा कायद्याने सगळं सुटलं असं म्हणणार नाही. पण तिच्या मैत्रिणींच्या कंपूतल्या सगळ्यांचं एकदम गेलं. 'माझ्याचकडे नाही' हे रडगाणं थांबलं. वरच्या भोंग्याची गोष्ट वाचून हेच आठवलं.

तुमच्याकडे मुलाचं इन्स्टा नसेल तर काढूच देऊ नका. असेल तर जन्मतारीख खरी आहे का ते आधी बघा. भारतातही २०२५ पासून इन्स्टाचं टीन अकाउंट (किशोरवयीन मुलांसाठी बंधनं असलेलं खातं) आलंय, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन गप्प असतात. जन्मसाल खोटं टाकलेलं असेल तर यातलं काही लागू होत नाही, आणि ते बहुतेक वेळा आपणच घाईत टाकून दिलेलं असतं. (मीही. २०११ च्या मुलीला २००१ ची केली होती.)

उंबरठा
समुपदेशनाचं काम करते. तुमच्या लिहिण्यावरून मला 'व्यसन' वगैरे वाटत नाही, तो शब्द घरात वापरूही नका, मुलाला चिकटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार नोंदलाय, पण त्यासाठी साधारण १२ महिने ताबा सुटलेला असणं, शाळा, घर, मैत्री कोलमडणं असं बरंच काही लागतं.

मात्र मुलगा जेवण-झोप सोडून देत असेल, शाळेत जायला नकार देत असेल किंवा 'जगून काय करू' असं बोलला तर थांबू नका. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, मोफत, २४ तास, मराठीत बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी वेगळं क्लिनिक चालतं.

आणि त्याच्या त्या 'बाई नसलेल्या' ग्रुपवर छापा घालू नका. तिथं कोणी त्रास देत नाही ना, एवढं विचारून ठेवा. आपल्या वर्गातली टवाळकी आपल्याही आईला कळत नव्हती.

रविवारची_भाकरी
तीन आठवड्यांनी लिहितेय. सहा जणींच्या सह्यांनी अर्ज दिला. मुलांचे नंबर निघाले, वेळ मात्र पाळली जात नाही, काल रात्री सव्वानऊला पीडीएफ आली. ती मी लॅपटॉपवर उघडून दिली. गजराचं घड्याळ आणलं. पहिल्या रात्री 'टिकटिकीने झोप येत नाही' म्हणून ते बाथरूममध्ये नेऊन ठेवलं होतं. आता चालतं.

आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांनी मिळून फोन बाजूला ठेवायचं ठरवलं. सात ते साडेआठ ठेवणार होतो, पण सासूबाईंची मालिका साडेसातला. म्हणून सहा ते साडेसात. मुलं खाली उतरतात, पाचवं घर अजून तयार नाही.

अडलंय ते नवऱ्यापाशी. 'ऑफिसचा कॉल येईल' म्हणून त्याचा फोन खिशातच असतो, आणि मुलगा रोज संध्याकाळी सहाला त्या खिशाकडे बोट दाखवतो. यावर काही असेल तर सांगा.