'चूप' हिंदी अन् उद्धट?

दर्यापूरचा कास्तकार: काल इथं एका सरांनी लिहिलं की वऱ्हाडातले लोक 'चूप बस' म्हणतात ते हिंदीचं उष्टं, सभ्य माणसानं 'शांत राहा' म्हणावं. डोकं फिरलं माझं. सर, चूप त्यालेच म्हणता येते ज्याले तोंड आहे. वावर शांत राह्यते, चूप नाही राहत. अन् तुमच्या शांतचं सांगतो, बाबा दवाखान्यात रातभर तळमळले, पहाटे इंजेक्शननं डोळा लागला तं काकूनं घरी फोन केला, "बाबा शांत झाले." झाली न रडारड, आत्या गावाहून निघाली, शेजाऱ्यानं तिरडीचे बांबू पाहाले माणूस धाडला. बाबा तिकडं घोरत होते!

निवृत्त मास्तर: ते मीच लिहिलं. ३१ वर्षं शिकवलं, 'चूप' ऐकलं की लेकरू पुन्हा प्रश्न विचारत नाही. आणि आपला जुना शब्द होता की, 'उगा', म्हणजे गप्प. लीळाचरित्र हा जुना ग्रंथ तुमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचा, त्यात माणसं उगी राहतात. तो का टाकलात?

दर्यापूरचा कास्तकार: टाकला कुठं? माय रडत्या लेकराले 'उगी उगी'च म्हणते. बांधावर भांडाले आलेल्या गड्याले म्हणून पाहा बरं!

सिस्टरताई: शब्दांवर काय भांडता? दवाखान्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं, तिथं रात्री ४० डेसिबलची मर्यादा, २००० सालचा नियम आहे. आमच्या फाटकासमोर वरात अर्धा तास नाचते, काचा थरथरतात, बाळंतीण लेकराचे कान झाकून बसते.

डीजेवाला: सोयाबीन गेलं म्हून कर्ज काढून बॉक्स घेतले ताई. सप्त्याचे भोंगे रातभर चालतात ते दिसत नाहीत, आम्हीच काहून?

सिस्टरताई: भोंगेवाल्यांशीही भांडते मी! कर्ज माझ्या पेशंटनं काढलं का?

मोझरीकर: आमच्या गुरुकुंज आश्रमात तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले, ते गेले त्या वेळेले, ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणूस जागच्या जागी उभं राह्यते. कोणाले चूप म्हणा लागत नाही.

निवृत्त मास्तर: त्याला 'मौन' म्हणतात, हेच सांगत होतो. बरं, चूप मराठीत रुळलाय, मानलं. वर्गात नको म्हणजे नको.

दर्यापूरचा कास्तकार: वर्गातलं खरं आहे. चौथीत एका गुरुजीनं चूप केलं, मंग भागाकार कधी विचारलाच नाही मी.

सिस्टरताई: डीजेवाले भाऊ, उद्या वरात आहे. फाटकाशी बंद करता का?

डीजेवाला: करतो. पण नवरदेवाच्या मामाले तुम्ही सांगा.