रीबूटनंतर फायरवॉल रिकामी, हाताने लोड केली की चालते (डेबियन १२, ४जी डोंगल, एनएफटेबल्स)

पायवाट

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका जुन्या संगणकावर डेबियन १२ टाकून त्याचाच राऊटर केला आहे. आतापर्यंत तारेचं नेट होतं. एका लॅन कार्डात नेट यायचं, दुसऱ्यातून स्विचमार्फत घरातल्या बाकी यंत्रांना जायचं. आता पहिल्या कार्डाच्या जागी यूएसबीचा ४जी डोंगल आला आहे.

डोंगल चालवायला फार त्रास पडला नाही. सुरुवातीला तो सीडी ड्राइव्ह म्हणूनच दिसत होता. यूएसबी-मोडस्विच टाकून डोंगल काढून परत लावला, तेव्हा मोडेम म्हणून उभा राहिला. मोडेममॅनेजरला दिसतो. नेटवर्कमॅनेजरमध्ये जीएसएम प्रकारचं कनेक्शन बनवून एपीएन (मोबाइल कंपनीच्या नेटचं नाव) भरला की 'डब्ल्यूवॅन०' या डोंगलच्या नेटवर्क इंटरफेसला पत्ता मिळतो. त्या संगणकावरून ब्राउझिंग, अपडेट, सगळं नीट होतं.

घोडं अडलंय ते फायरवॉलपाशी. लिनक्सच्या एनएफटेबल्स या फायरवॉलची नियमांची फाइल जुनीच आहे, फक्त जुन्या कार्डाचं नाव जिथे जिथे होतं तिथे 'डब्ल्यूवॅन०' लिहिलं. रीबूट केल्यावर लॅपटॉपला आयपी मिळतो, साइटच्या नावावरून पत्ताही सापडतो, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी नियमांची यादी मागितली तर ती पूर्ण रिकामी येते. तीच फाइल हाताने लोड केली की लगेच सगळ्यांना नेट मिळतं. म्हणजे फाइलमध्ये चूक नसावी असं वाटतं.

आणखी एक. सिग्नल जाऊन डोंगल आपोआप बंद-चालू झाला की परत तेच. राऊटरवर नेट आहे, लॅपटॉपवर नाही. या वेळी मात्र यादी रिकामी नसते, नियम दिसतात.

जर्नलमध्ये (सिस्टीमच्या नोंदींत) एनएफटेबल्स सर्व्हिस फेल झाल्याचं दिसतं, आणि संदेश आहे 'इंटरफेस डझ नॉट एक्झिस्ट'. मॅन्युअल वाचून झालं, पण नेमकं काय बदलायचं ते कळत नाही.

---

माळरान

सर्व्हिस लवकर सुरू होते आणि मोडेम उशिरा उठतो, एवढंच कारण आहे. एनएफटेबल्सच्या सर्व्हिसला ओव्हरराइड फाइल देऊन ती मोडेममॅनेजरनंतर सुरू करा आणि वर अर्ध्या मिनिटाचा स्लीप टाका. नाहीतर नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमध्ये छोटी स्क्रिप्ट ठेवा. 'डब्ल्यूवॅन०' चालू झाला की स्क्रिप्ट नियमांची फाइल पुन्हा लोड करेल. माझ्याकडे दुसरा प्रकार चालतो.

---

गारगोटी

माळरान यांनी कारण बरोबर पकडलं आहे, पण उपाय कृपया करू नका. त्यात दार उघडं ठेवून कुलूप नंतर लावायचं असं होतं. डेबियनमध्ये ही सर्व्हिस नेटवर्क सुरू होण्याआधी चालावी अशी मुद्दाम बांधलेली आहे. पहिलं पॅकेट आत येईल तेव्हा नियम जागेवर हवेत, हाच तिचा हेतू. तिला मोडेमच्या मागे ढकललं की दर रीबूटला काही क्षण संगणक उघडा राहणार. आणि ज्या दिवशी स्क्रिप्ट चालणार नाही त्या दिवशी तो दिवसभर उघडा राहील, कारण राऊटरचं स्वतःचं नेट चालू असल्यामुळे कोणाला शंकाही येणार नाही.

पायवाट, तुमची लक्षणं फार नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे फाइल न बघताही सांगता येतं. तुमच्या नियमांत 'आयआयएफ' आणि 'ओआयएफ' (पॅकेट कोणत्या इंटरफेसमधून आलं आणि कोणत्यातून जाणार हे सांगणारे शब्द) वापरलेलं असणार. तिथे 'आयआयएफनेम' आणि 'ओआयएफनेम' हवं. दिसायला फरक तीन-चार अक्षरांचा आहे, काम मात्र पूर्ण वेगळं.

कर्नलमध्ये प्रत्येक इंटरफेसला एक क्रमांक असतो. आयपी लिंक ही आज्ञा दिली की ओळीच्या सुरुवातीला जो आकडा येतो तोच. 'आयआयएफ' लिहिलं की फाइल लोड होतानाच नावाचा हा क्रमांक शोधला जातो आणि नियमात नाव नाही, क्रमांक साठवला जातो. बूट होताना तुमचा डोंगल अजून सीडी ड्राइव्हच्या अवतारात असतो, म्हणजे 'डब्ल्यूवॅन०' नावाचं काही अस्तित्वातच नसतं. क्रमांक सापडत नाही, म्हणून एरर येते. आणि एनएफटेबल्स फाइल लोड करतं ते एक तर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही. एका ओळीत एरर आली की अख्खी फाइल नाकारली जाते. बूटच्या वेळी आधीचं काहीच नसतं, म्हणून यादी रिकामी.

आता लॅपटॉपचं. त्याला आयपी मिळतो आणि नावाचा पत्ता सापडतो, कारण ती दोन्ही कामं तुमचा राऊटर स्वतः करतो आणि त्याला अडवणारा एकही नियम नाही. पण मास्करेडचा, म्हणजे आतल्या पत्त्याऐवजी राऊटरचा पत्ता लावण्याचा, नियमही नाही. त्यामुळे लॅपटॉपची पॅकेट त्यांच्या १९२.१६८ वाल्या खाजगी पत्त्यानिशीच बाहेर पडतात आणि त्यांचं उत्तर कधीच परत येत नाही. म्हणजे ज्या वेळी तुम्हाला 'नेट नाही' असं दिसतं, त्याच वेळी राऊटर बाहेरच्यांसाठी सताड उघडा असतो. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात गंभीर वाटते.

दुसरं लक्षणही याच कारणाचं. डोंगल बंद होऊन परत आला की 'डब्ल्यूवॅन०' हे नाव तेच राहतं, पण क्रमांक नवा मिळतो. नियम जुन्या क्रमांकाची वाट बघत बसतात. पुढच्या वेळी असं झालं की यादी नीट बघा. 'ओआयएफ' पुढे नावाऐवजी नुसता आकडा दिसेल.

'आयआयएफनेम' दर पॅकेटला नाव ताडून बघतं. इंटरफेस आत्ता नसला तरी चालतं, तो आला की नियम लागू होतो, गेला की शांत बसतो. क्रमांकाशी तुलना करण्यापेक्षा नावाशी तुलना किंचित हळू पडते, पण ४जीच्या वेगाला तो फरक जाणवण्याइतका नाही. 'एलओ' साठी 'आयआयएफ' ठेवायला हरकत नाही, तो कायम असतो. घराच्या बाजूच्या कार्डालाही मी नावानेच नियम लावतो. कार्डाचा ड्रायव्हर वेळेत लोड होतो म्हणून आजवर ते निभावलं, पण तशी हमी कोणी दिलेली नाही.

आयपीटेबल्स या आधीच्या फायरवॉलवरून आलेल्या बऱ्याच जणांना हे कळत नाही, याचं कारण साधं आहे. आयपीटेबल्समधला 'वजा आय' हा पर्याय नेहमी नावाशीच तुलना करायचा. डायल-अपच्या काळात 'पीपीपी०' दिवसभर येत-जात असायचा आणि बूटला लिहिलेले नियम तरीही चालायचे. एनएफटेबल्स २०१४ च्या जानेवारीत ३.१३ कर्नलबरोबर आलं, डेबियनने २०१९ मध्ये दहाव्या आवृत्तीपासून तेच मूळ धरलं, आणि त्यात हे दोन वेगळे शब्द आले. आयपीटेबल्स-ट्रान्सलेट या साधनाला जुना नियम दिला तर ते 'आयआयएफनेम'च लिहून देतं. हाताने लिहिणारे छोटा शब्द उचलतात.

बदल केल्यावर एक तपासणी अवश्य करा, आणि ती डोंगल काढून ठेवून करा. एनएफटी या आज्ञेला 'वजा सी' दिलं तर ते नियम न लावता फक्त फाइल तपासतं. पण डोंगल लावलेला असताना 'आयआयएफ' वालं लिखाणही या तपासणीत पास होतं, त्यामुळे तिचा काही उपयोग नाही. डोंगल बाहेर असताना पास झाली तरच रीबूटलाही होईल.

---

निशिगंध

गारगोटी यांच्या उत्तरात मोडेमच्या बाजूची भर घालते. नावाने नियम लावायचे तर नाव टिकलं पाहिजे. काही मोडेम एकदा 'डब्ल्यूवॅन०' आणि दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावल्यावर 'डब्ल्यूडब्ल्यूपी' ने सुरू होणाऱ्या लांब नावाने येतात. 'आयआयएफनेम' मध्ये शेवटी तारका चालते. 'डब्ल्यूडब्ल्यू' आणि पुढे तारका लिहिलंत की दोन्ही नावं त्यात बसतात. 

तुमचा डोंगल क्यूएमआय किंवा एमबीआयएम या मोडेमशी बोलण्याच्या पद्धतींवर चालत असेल तर नेटवर्कमॅनेजरमध्ये दिसणारं 'सीडीसी-डब्ल्यूडीएम०' हे नाव फायरवॉलमध्ये लिहू नका. मोडेमशी आज्ञांची बोलणी होतात ती त्या वाटेने. पॅकेट जातात 'डब्ल्यूवॅन०' मधून. मी ही गल्लत बऱ्याच जणांच्या फाइलमध्ये पाहिली आहे. आणि डोंगल स्वतःच राऊटर असल्यासारखा वागणारा असेल तर तो साध्या इथरनेट कार्डासारखा येतो, नाव 'ईएनएक्स' आणि पुढे मॅक पत्ता असं. तुमच्याकडे मोडेममॅनेजरला तो दिसतोय, म्हणजे तसं नाही.

---

पायवाट

गारगोटी, निशिगंध, दोघांचे आभार. फाइलमध्ये खरोखरच सगळीकडे 'आयआयएफ' आणि 'ओआयएफ' होतं. बदल करण्याआधी मुद्दाम डोंगल उपटून परत लावला आणि यादी पाहिली. मास्करेडच्या ओळीत 'ओआयएफ' पुढे नुसता ७ होता. नंतर सगळीकडे नावाने लिहिलं, डोंगल बाहेर ठेवून तपासलं, पास. रीबूटनंतर सर्व्हिस हिरवी, लॅपटॉपला नेट आहे. डोंगल काढून-लावूनही टिकलं.

दोन गोष्टी राहिल्या. लॅपटॉपवर काही साइट अर्ध्यावर अडकतात. पिंग जातो, कनेक्शन लागतं, मग पान फिरतच राहतं. राऊटरवरून तीच साइट लगेच उघडते. आणि 'डब्ल्यूवॅन०' वर पत्ता १०० ने सुरू होणारा दिसतो. तो बाहेरून पोचण्यासारखा नाही असं ऐकलं. मग आत येणाऱ्यासाठी इतकी काळजी करायची गरज आहे का?

---

गारगोटी

आधी दुसरं, कारण ते जास्त महत्त्वाचं.

१००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये खास याच कामासाठी राखून ठेवले गेले. कंपनी अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवते, त्या मधल्या भागात हे वापरतात. तुमचा पत्ता या पट्ट्यातला असेल तर आयपीव्ही४ वरून बाहेरचं कोणी थेट तुमच्यापर्यंत येणार नाही, हे खरं. पण त्याच 'डब्ल्यूवॅन०' वर २ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता आहे का बघा. मोबाइल नेटवर्कवर तो बऱ्याचदा असतो, आणि तो कोणामागे लपलेला नसतो. तुमचं एसएसएच (दुरून लॉगिन करण्याची सोय) त्या पत्त्यावरही ऐकत असतं. म्हणून टेबल (नियमांचा गट) 'आयपी' प्रकारचं, म्हणजे फक्त आयपीव्ही४ चं, न ठेवता 'आयनेट' प्रकारचं ठेवा. एकच नियम दोन्हींना लागतो. पायवाट, हे आजच करून टाका.

आयनेट केलंत की इनपुट चेनमध्ये (राऊटरकडे येणाऱ्या पॅकेटच्या नियमांत) आयसीएमपीव्ही६ ला, म्हणजे आयपीव्ही६ च्या नेटवर्क निरोपांना, वाट द्यायला विसरू नका. शेजारच्या यंत्राचा पत्ता शोधणं, राऊटरची घोषणा ऐकणं, ही कामं आयपीव्ही६ मध्ये त्यावरच चालतात. सरसकट ड्रॉप केलं तर आयपीव्ही६ थोडा वेळ चालून बंद पडतं आणि कारण सापडता सापडत नाही. आयपीव्ही४ चं आयसीएमपीही बंद करू नका. 'पिंग बंद म्हणजे सुरक्षित' हा सल्ला अजून फिरतो आणि त्याने नुकसानच होतं.

पान अडकण्याचं कारण पॅकेटचा आकार. लॅपटॉप समजतो की १५०० बाइटचं पॅकेट जाईल, कारण त्याच्या इथरनेटवर तेवढं जातं. मोबाइलच्या वाटेवर त्याहून लहानच मावतं. मोठं पॅकेट अडलं की 'लहान पाठव' असा आयसीएमपी निरोप पाठवणाऱ्याला मिळायला हवा. वाटेत कोणी तो निरोप अडवला की सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पिंग आणि कनेक्शनची पहिली पॅकेट छोटी असल्याने ती सुटतात. राऊटरला 'डब्ल्यूवॅन०' चा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) माहीत असतो, म्हणून तो सुरुवातीलाच कमी आकार सांगतो आणि त्याचं चालतं.

उपाय फॉरवर्ड चेनमध्ये (राऊटरमधून पुढे जाणाऱ्या पॅकेटच्या नियमांत) एक ओळ: 'टीसीपी फ्लॅग्ज सिन टीसीपी ऑप्शन मॅक्ससेग साइझ सेट आरटी एमटीयू'. कनेक्शन जुळतानाच ती दोन्ही बाजूंना वाटेत मावेल तेवढाच आकार सांगते. जागा सांभाळा. 'एस्टॅब्लिश्ड, रिलेटेड ॲक्सेप्ट' या ओळीच्या वर लिहा. खाली लिहिलीत तर सर्व्हरकडून परत येणारं सिन-ॲक (कनेक्शनला होकार देणारं पॅकेट) वरच्या ओळीवरच ॲक्सेप्ट होऊन निघून जातं, ते या ओळीपर्यंत पोचतच नाही.

---

माळरान

डिस्पॅचरची स्क्रिप्ट मीही काढून टाकली. नावाने नियम लावल्यावर तिचं काही काम उरलं नव्हतं. पायवाट, बाहेरून घरच्या राऊटरवर यायचं असेल तर १०० वाल्या पत्त्यावर पोर्ट उघडून उपयोग नाही. आतून बाहेरच्या एखाद्या सर्व्हरपर्यंत वायरगार्ड या व्हीपीएनचा बोगदा काढा आणि पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ सेकंद ठेवा, म्हणजे कंपनीच्या बाजूची नोंद मिटत नाही.

---

पायवाट

मॅक्ससेगची ओळ वर टाकली, अडकणाऱ्या साइट उघडल्या. 'डब्ल्यूवॅन०' वर २४०१ ने सुरू होणारा आयपीव्ही६ पत्ता होता. टेबल 'आयपी'चंच होतं, ते आता आयनेट केलं. मोबाइलचं वायफाय बंद करून, दुसऱ्या कंपनीच्या नेटवरून त्या पत्त्यावर एसएसएच करून बघितलं. बदलाआधी पासवर्ड विचारत होतं. आता काहीच उत्तर येत नाही, आणि ड्रॉपच्या ओळीवर काउंटर लावलाय तो प्रत्येक प्रयत्नाला वाढतो.